गार्डवाल्या खेळाची आक्का

"पयलं बघ. मग हात लाव."

आक्काचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते मलाच उद्देशून होतं. रामनगरच्या स्टँडवर उळवीच्या जत्रेची जादा बस लागली होती. माणसं खिडक्यांतून पिशव्या आत टाकून जागा धरत होती, आणि एक बाई गोधडीत गुंडाळलेलं कपाटाएवढं काहीतरी घेऊन बसच्या मागच्या शिडीपाशी उभी होती. साडीवर पुरुषी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल. सामान टपावर चढवायला मी खालून हात घातला, तर तिनं माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि हे म्हणाली. मी हात काढला आणि बघितलं. गोधडीच्या फटीतून काच दिसत होती.

"काय हाय ह्यात?"

"गेम."

"कसला गेम?"

"व्हिडिओ गेम. उभाच बांधायचा, आडवा न्हाई. तोंड डायवरकडं."

त्या टपावरून मी नांगर नेले होते, दाराच्या चौकटी नेल्या होत्या, केळीचे घड आणि पाय बांधलेल्या कोंबड्या नेल्या होत्या. व्हिडिओ गेम पहिल्यांदाच. ड्रायव्हरअण्णा खाली उतरून आला. त्यानं गोधडीला कान लावला आणि विचारलं, "करंट तर न्हाई न्हवं ह्यात?"

"वायर माझ्या पिशवीत हाय," आक्का म्हणाली. "वायर पिशवीत, तर करंट कुठला?"

मग ती शेवटच्या सीटवर बसली आणि उळवी येईपर्यंत प्रत्येक थांब्याला खाली उतरून, मान वर करून, टपाकडे बघून परत चढली. कुंभारवाड्याच्या पुढे रस्ता अरुंद होतो आणि बस फांद्या घासत जाते. तिथं ती मागून सांगायची, "अण्णा, डावीकडं फांदी," आणि आमचा तो तिरसट ड्रायव्हर मुकाट्यानं बस उजवीकडे घ्यायचा. त्या दिवशी त्यानं दुसऱ्या कुणाचंही ऐकलं नव्हतं.

मी कर्नाटकच्या सरकारी बसवर कंडक्टर होतो. मूळचा खानापूरकडचा, पण नोकरीतली बहुतेक वर्षं जोयड्याच्या जंगलातल्या रस्त्यांवर गेली. तुम्ही जत्रांतून हिंडला असाल तर आक्कासारखी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पाळणेवाले, फुग्यांवर नेम धरायला बंदूक देणारे, तीन फुलपात्रांखाली एक लिंबू लपवणारे. जत्रा उठली की ती कुठं जातात हे आपण विचारत नाही. आक्का कुठं जाते ते मला ठाऊक होतं, कारण परतीच्या बसलाही मीच असायचो. म्हणून मला ती जत्रेतलीही माहीत झाली आणि घरातलीही.

तिचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तरी रामनगरात ते फारसं कुणाला कळायचं नाही. तिला सगळे आक्काच म्हणत, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. माहेर दिग्गीकडचं, जिथं बस पोचली तर पोचली. नवरा वास्कोला बंदराजवळच्या एका बारमध्ये स्वयंपाकी होता. त्या बारमध्ये हा गेम होता. मालक बदलला, नव्या मालकानं तो मागच्या दारी पावसात काढून ठेवला, आणि आक्काच्या नवऱ्यानं रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून तो घाट चढवून रामनगरला आणला. दोन-तीन वर्षं तो स्वतःच जत्रांना न्यायचा. मग काविळीचं निमित्त झालं आणि तो गेला.

सासरच्यांनी गेम भंगारात द्यायचा ठरवला होता. आक्कानं दिला नाही. का दिला नाही, हे मी तिला बऱ्याच वर्षांनी विचारलं. मला वाटलं होतं, नवऱ्याची आठवण वगैरे म्हणेल.

"तो हुता तवर मला हात लावू देत न्हवता," ती म्हणाली. "म्हणायचा, बिघडंल. तो गेल्यावर घरात सगळी झोपली हुती, तवा दुपारचा मी लावला. खेळले. तवा मला कळलं, ह्याला त्यात एवढं काय गोड वाटायचं. मग कसा देऊ?"

आता खेळ सांगतो. पडद्यावर एक बाग. झाडांच्या रांगा आणि मधून वाटा. पिवळी टोपी घातलेला एक बुटका माणूस झाडांवरची लाल फळं तोडून टोपलीत नेऊन टाकतो, आणि हिरव्या कपड्यातले दोघे त्याच्या मागे लागतात. सगळी फळं टोपलीत गेली की पुढची, जास्त अवघड बाग. सुरुवातीला खेळाचं नाव यायचं, पण ते कुठल्यातरी परदेशी लिपीत. आमच्याकडे कुणाला वाचता यायचा प्रश्न नव्हता आणि गरजही नव्हती. हिरवे कपडे म्हणजे जंगलाचे गार्ड. जळणाची मोळी डोक्यावर असताना लांबून गार्ड बघून ज्यानं एकदा तरी वाट बदललेली आहे, त्याला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. म्हणून आमच्या भागात त्याचं नाव पडलं 'गार्डवाला गेम'.

खेळायला येणारा प्रत्येकजण आधी यंत्रावरच्या दांडीला झोंबायचा. आक्का त्याला थांबवायची. "पयलं बघ. मग हात लाव." आधीच्याचा खेळ संपेपर्यंत बाजूला उभं राहून बघायचं, हा तिचा नियम. पोराला, बापाला, सगळ्यांना सारखाच.

एका जत्रेत खरा गार्ड आला. अंगावर वर्दी, बहुतेक बंदोबस्ताला आलेला. आक्काच्या तंबूतली दिग्गीची दोन माणसं पाठमोरी झाली. आक्कानं त्यालाही थांबवलं, त्यानंही थांबून बघितलं, आणि त्याची पाळी आल्यावर टोपी काढून तिच्या हातात दिली. खेळ सुरू होतो न होतो तोच हिरव्या दोघांनी त्याला कोपऱ्यात गाठलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "सायेब, पावती फाडा आता."

सगळा तंबू हसला. गार्डही हसला. आणखी दोनदा खेळला, दोन्ही वेळा सापडला. जाताना टोपी घालत आक्काला म्हणाला, "आक्का, ह्या दोघांना सांगा, जंगलात असं सरळ पळून कुणी घावत नसतंय." त्यानंतर तो दर जत्रेला यायचा.

मग एका वर्षी जनरेटर भडकला. तंबूतले दिवे एकदम पांढरे झाले, दोन फुटले, आणि गेमचा आवाज गेला. चित्र होतं तसं राहिलं. आवाज मात्र पूर्ण बंद. मुक्या खेळाला गंमत नसते हे अर्ध्या तासात दिसायला लागलं. माणसं एकदा खेळून निघून जाऊ लागली.

मी त्या दिवशी बस लावून जेवायला म्हणून तंबूकडे गेलो होतो. बघतो तर आक्का यंत्राच्या बाजूला उभी, आणि तोंडानं आवाज काढत होती. फळ तोडलं की "टुंई". गार्ड जवळ आला की "डग डग डग डग". माणूस सापडला की वरून खाली येणारा लांब "प्यूंऽऽ". आणि एक बाग संपून दुसरी येईपर्यंत जी धून वाजायची, ती ओठ मिटून गुणगुणायची. सगळं अगदी वेळेवर. पहिल्यांदा माणसं हसली. मग हसायची थांबली आणि खेळायला लागली. संध्याकाळपर्यंत तंबूत उभं राहायला जागा नव्हती.

तिला तो खेळ इतका पाठ होता की कधीकधी गार्ड पडद्यावर यायच्या आधीच तिचं "डग डग" सुरू व्हायचं. मग बाजूचे तक्रार करायचे, "आक्का, तू त्याला आदीच सांगूलीस की."

"मी कुठं सांगूलाय? त्याचे कान चांगले हायत."

पुढच्या सगळ्या जत्रा तिनं अशाच काढल्या. रामनगरच्या टीव्ही मेकॅनिकनं खटपट करून बघितली, पण आवाज काही आला नाही. परतीच्या बसमध्ये तिचा घसा इतका बसलेला असायचा की ती मला नुसती बोटानं थांबा दाखवायची. मी एकदा विचारलं, एवढा त्रास कशाला करून घेतेस. ती खुसपुसत म्हणाली, "मुका बघवत न्हाई मला."

काळ बदलला हे बसच्या टपावर आधी कळतं. नांगर यायचे बंद झाले, प्लास्टिकच्या खुर्च्या यायला लागल्या. घरोघरी टीव्हीला जोडायचे गेम आले, मग मोबाईल आले. आक्काच्या तंबूत माणसं कमी होत गेली. शेवटच्या वर्षी मी गेलो तेव्हा धारवाडकडून बैलगाडीनं आलेलं एक कुटुंब यंत्राच्या सावलीत बसून भाकरी खात होतं, आणि आक्का त्यांना चटणी वाढत होती. खेळायला कुणी नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर काही दुःख वगैरे दिसलं नाही. जेवण झाल्यावर त्या घरातल्या म्हातारीला तिनं आग्रह करून यंत्रापुढे उभं केलं आणि तिचा हात धरून एक बाग खेळायला लावली. म्हातारी लाजून पदरात तोंड घालून हसत होती.

यंत्र उतरवताना आक्का मला म्हणाली, "पुढच्या वर्षी टपावर जागा ठेवू नको."

त्यानंतर गेम तिच्या घरात, पुढच्या खोलीत उभा राहिला. आक्का भाताच्या लावणीला जायची, कोकम फोडून सुकवायची, विकायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, एवढी जागा अडवून ठेवलीय, तिथं कपाट तरी राहिलं असतं. ती हो म्हणायची आणि तसाच ठेवायची. आठवड्याच्या बाजारादिवशी, बाजारातून आली की गेम लावायचा, एक डाव खेळायचा, बंद करायचा. कुणी आलं तर त्यालाही खेळायला द्यायचा. कुणी आलं नाही तर एकटीच, तोंडानं आवाज काढत.

आमच्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. काडेपेटीतल्या काड्या मऊ पडतात, चपलेला हिरवी बुरशी येते, मीठ वाटीतून ओघळतं. अशा हवेत एखादं विजेचं यंत्र वर्षानुवर्षं चालतं ठेवायचं म्हणजे लहान बाळ सांभाळल्यासारखं. तिनं यंत्राच्या पोटात एक लहान बल्ब बारा महिने चालू ठेवला होता, आत ऊब राहावी म्हणून. मुंग्यांसाठी हळद, झुरळांसाठी कापूर. पडद्याची काच गेली तेव्हा मेकॅनिकनं एका मोडक्या टीव्हीची नळी आणून बसवली. त्यात रंग थोडे फिरले, फळं लालऐवजी नारिंगी दिसायला लागली. "पिकली असतील," आक्का म्हणाली.

मी निवृत्त झालो आणि रामनगरातच घर केलं, तिच्या घरापासून दोन वळणांवर. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एक मनुष्य स्टँडवर चौकशी करत आला, जत्रेत व्हिडिओ गेम आणणारी बाई कुठं राहते म्हणून. स्टँडवरच्यांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. चाळिशी उलटलेला, बेंगळूरला कॉम्प्युटरच्या कामात होता. त्याचे वडील गणेशगुडीला धरणाच्या कॉलनीत नोकरीला होते, आणि लहानपणी तो त्यांच्याबरोबर उळवीच्या जत्रेला यायचा. तो कन्नडमध्ये बोलत होता, मीही कन्नडमध्येच बोललो.

त्यानं जे सांगितलं ते मला नवीन होतं. जगभर अशी माणसं आहेत म्हणे, जी जुने व्हिडिओ गेम शोधून त्यांची नक्कल जपून ठेवतात, ते यंत्राबरोबर नाहीसे होऊ नयेत म्हणून. तोही त्यातलाच. मोठ्या कंपन्यांचे, गाजलेले खेळ सगळ्यांना मिळतात. पण काही लहान कंपन्यांनी थोडीच यंत्रं बनवली आणि त्या बुडाल्या. हा खेळ कुणाच्याच यादीत नव्हता. पिवळी टोपी, लाल फळं, हिरवी माणसं, हे तो त्या लोकांना अनेक वर्षं सांगत होता. कुणी म्हणालं, तू दोन वेगळ्या खेळांची गल्लत करतोयस. कुणी म्हणालं, लहानपणच्या आठवणी अशाच असतात.

"इतक्या वेळा ऐकलं," तो म्हणाला, "की मलाही वाटायला लागलं, असा खेळ नसावाच."

मी त्याला आक्काकडे घेऊन गेलो. दार उघडंच होतं. गेम समोरच. तो उंबऱ्यात थांबला आणि पुढे जाईना. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आहे की हो."

आक्का आतून हात पुसत आली. त्यानं आपली ओळख सांगितली, कॉलनी सांगितली, जत्रेतल्या खुणा सांगितल्या, आणि शेवटी न राहवून विचारलं, "मी आठवतो का तुम्हाला?"

"न्हाई रे बाबा," आक्का म्हणाली. "किती पोरं यायची. तुझं कसं ध्यानात ठेवू?"

त्याचा चेहरा क्षणभर उतरला, आणि मग त्यालाच हसू आलं. आक्कानं बटण दाबलं. तो खेळला, आणि दुसऱ्याच बागेत सापडला. "तिथं सगळेच घावतात," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

चहा घेताना त्यानं मुख्य गोष्ट काढली. यंत्रातल्या पट्टीवर ज्या चिपा आहेत त्यांत हा खेळ भरलेला असतो. त्या एकेक बाहेर काढायच्या, एका उपकरणात घालून वाचायच्या, आणि परत बसवायच्या. मग हे यंत्र उद्या बंद पडलं तरी खेळ राहील.

"काढताना मोडलं तर?"

"मोडू शकतं," तो म्हणाला. "चिपांचे पाय गंजलेले असतील. मी जपून काढीन, पण शब्द देऊ शकत नाही."

"मग आज न्हाई."

"आक्का, माझ्या माहितीत हा एकच उरलाय. हा गेला तर खेळच गेला."

"कळतंय मला तू काय म्हंतोस ते," आक्का म्हणाली. "पण आज चालूलाय हा. चालता गेम मी हात लावायला दिला आणि बंद पडला, तर मला घरात बसवंल का?"

त्यानं जास्त ओढाताण केली नाही. फोन नंबर दिला आणि गेला. मला त्याचं वाईट वाटलं, पण आक्काचं चुकलं असंही वाटेना.

पाऊस सुरू झाला. श्रावणात एका दुपारी आक्का छत्री घेऊन माझ्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"कंडक्टर, त्या बेंगळूरवाल्याला फोन लाव."

"काय झालं?"

"फळं झाडावर न्हाईत. वाटेवर सांडल्यात. आणि गार्डांची डोकी गेली."

मी जाऊन बघितलं. खरंच, दोन बिनडोक्याचे हिरवे पुतळे बागेत इकडून तिकडे फिरत होते. एरवी मी हसलो असतो. आक्का यंत्राच्या बाजूवर तळहात ठेवून उभी होती, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

तो दोन दिवसांत आला. बरोबर त्याच्या कामातली एक बाई होती, धारवाडची, हत्यारांची पेटी घेऊन. त्यांनी यंत्राचं मागचं दार उघडलं, पट्टी बाहेर काढली आणि खिडकीपाशी टेबलावर ठेवली. ती धारवाडची बाई वाकून बघत राहिली आणि मग तिनं विचारलं, "ह्या कुणी लावल्या?"

पट्टीवर चिपांची रांग होती, आणि प्रत्येक चिपेच्या मध्यावर एक मोठी, तपकिरी लाल टिकली.

आक्का म्हणाली, "मी. मेकॅनिक म्हणाला, ह्या डब्यांना काचंची खिडकी असती, त्यातनं ऊन गेलं की आतलं सगळं पुसून जातं. वरची कागदं निघून आली हुती. झाका म्हणाला काहीतरी. घरात टिकल्यांचं पाकीट हुतं. नवरा गेला तवाचं. लावता येत न्हवतं, टाकवतही न्हवतं."

धारवाडची बाई म्हणाली की असल्या जुन्या पट्ट्या तिनं खूप उघडल्यात, आणि वरचा कागद पडून उजेडानं कोऱ्या झालेल्या चिपाच जास्त बघितल्यात. मग तिनं नखानं पहिली टिकली सोडवली आणि स्वतःच्या मनगटावर चिकटवून ठेवली, हरवू नये म्हणून. एकेक करत तिच्या मनगटावर टिकल्यांची ओळ झाली.

चिपा काढायला सुरुवात झाली तेव्हा आक्का तिथं नव्हती. सगळ्यांना आधी बघायला सांगणारी ही बाई मागच्या दारी पडवीत गेली आणि सुपातल्या कोकमाच्या बिया उगाचच वरखाली करत बसली. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. आतून काही आवाज आला की तिचा हात थांबायचा. एकदा "अय्यो" असं ऐकू आलं. एका चिपेचा पाय मोडला होता. त्यांनी केसासारखी बारीक तार डाग देऊन जोडली आणि काम पुढे गेलं.

दुपार टळताना तो बाहेर आला आणि आक्कासमोर उकिडवा बसला.

"सगळं मिळालं. एक चिप सोडून. ती पूर्ण कोरी आहे, पूर्वीच जळलेली. बहुतेक आवाजाची."

"जनरेटर भडकला तवा," आक्का म्हणाली.

"हां. म्हणजे आवाज गेला. तो आता कुठंच मिळणार नाही."

आक्कानं सूप बाजूला ठेवलं. "आवाज माझ्याकडं हाय की," ती म्हणाली.

त्याला समजेना. मी सांगितलं तेव्हा तो आपल्या मैत्रिणीला बोलवायला धावला. त्यांनी आक्काला पडवीत बसवलं, समोर माईक ठेवला आणि म्हणाले, काढा आवाज. आक्कानं डोळे मिटले, उघडले, पाणी प्यायली. एकही आवाज निघाला नाही. "असा कसा निघंल?" ती म्हणाली. "समोर गेम पायजे."

मग त्यांनी वाचून घेतलेला खेळ लॅपटॉपवर चालू करून तिच्या पुढ्यात ठेवला. बिघाड यंत्राच्या दुसऱ्याच भागात होता, चिपांमधलं सगळं धड होतं. लॅपटॉपच्या पडद्यावर बाग उघडली. फळं झाडांवर, आणि लाल, अगदी पूर्वीसारखी लाल. गार्डांना डोकी होती. आक्का बघत राहिली. तो खेळायला लागला आणि तिच्या तोंडून पहिलं "टुंई" निघालं.

अडथळे खूप आले. कोंबडा आरवला, शेजारी कुकरची शिट्टी झाली, एकदा आक्कालाच हसू आलं. पण संध्याकाळपर्यंत सगळं भरून झालं. बागांच्या मधली धून तिनं तीन वेळा म्हटली आणि तिसऱ्या वेळी म्हणाली, "ही खरी. आदीच्या दोन पुसा."

यंत्राचा बिघडलेला भाग त्यांनी बदलला. चिपा परत बसल्या, टिकल्याही. काहींचा गोंद संपला होता, तिथं धारवाडच्या बाईनं पर्समधून आपलं पाकीट काढलं. त्यामुळे त्या रांगेत आता दोन रंगांच्या टिकल्या आहेत.

पुढचं मला फोनवरून कळत गेलं. त्यांच्या लोकांमध्ये वाद झाला. काही म्हणाले, चिपेतून जे निघालं नाही ते खेळात मिसळायचं नाही. शेवटी ठरलं की खेळ मिळाला तसा, मुकाच ठेवायचा, आणि आक्काचा आवाज त्याच्या शेजारी स्वतंत्र ठेवायचा. ज्याला हवा त्यानं दोन्ही एकत्र लावावं. नावाचाही उलगडा झाला. ती परदेशी अक्षरं कुणीतरी वाचली, अर्थ निघाला 'फळबागेतला पाहुणा'. मी आक्काला सांगितलं.

"पाहुणा?" ती म्हणाली. "पाहुण्याच्या मागं कोण पळतंय? आमचंच नाव बरं."

त्यांनी खऱ्या नावाखाली तेही लिहिलं. ब्राझीलमधल्या कुणीतरी खेळून बघितल्याचा निरोप आला तेव्हा तिनं विचारलं, "तिथं जंगल हाय?"

"हाय, मोप हाय."

"मग त्यास्नी कळंल."

आक्का आता नाही. मोतीबिंदू काढायला म्हणून वास्कोला, तिकडेच लग्न करून दिलेल्या मुलीकडे गेली. डोळा बरा झाला. पण पाठोपाठ न्यूमोनिया झाला आणि त्यातून ती उठली नाही. मुलीनं घर बंद केलं, यंत्र चिपा वाचणाऱ्या त्या दोघांच्या हवाली केलं. बेंगळूरला ते एका खोलीत उभं आहे, आणि कुणीही जाऊन खेळू शकतं. मी अजून गेलेलो नाही. जाईन म्हणतो.

वास्कोची गाडी पकडायला तिला लोंढा स्टेशनवर मीच सोडलं होतं. गाडी उभी होती, आक्काला खिडकीची जागा मिळाली होती. समोर हुबळीची कुणी बाई, मांडीवर फुलांची परडी. मी पाण्याची बाटली घेऊन येईपर्यंत दोघींचं बोलणं सुरू झालेलं. मला वाटलं डोळ्याचं सांगत असेल. जवळ गेल्यावर ऐकू आलं, ती कन्नडमध्ये तिसरी बाग समजावून सांगत होती. कुठून वळायचं, कुठल्या झाडामागे थांबायचं, गार्ड पुढे गेल्यावर मग कसं निघायचं. त्या बाईला काडीमात्र कळत नव्हतं, पण ती मन लावून ऐकत होती.

गाडी हलली. मी हात वर केला. आक्काचाही हात वर झाला होता, पण माझ्यासाठी नाही. ती त्या बाईला डावीकडचं वळण दाखवत होती.